पायात वाजणारा ऑर्गन

आज ऑफिसातून लवकर सटकले आणि ट्रेन पकडून नेदरलँड्समधल्या हार्लेमला गेले, सेंट बाव्हो चर्चमधला ऑर्गन ऐकायला. १७३८ मध्ये क्रिस्टियान म्युलरने पूर्ण केलेलं ते अवाढव्य प्रकरण, पाच हजारांच्या वर पाइप, वर दोन सिंह, आणि १७६६ मध्ये दहा वर्षांचा मोत्झार्ट येऊन हा वाजवून गेलाय!! दरवेळी मान आखडेपर्यंत बघत बसते मी.

आपल्याकडे ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा. आजोबांमुळे कानात तोच बसलेला. इथे पायाने हवा नाही भरायची, पायाने चक्क सूर वाजवायचे.

आज बाख या जर्मन संगीतकाराची सी मायनर पासाकालिया ही रचना होती. सुरुवातीला फक्त पाय, आठ बारची (बार म्हणजे तालाचा छोटा तुकडा) एकच ओळ, खर्जात, आणि मग तीच ओळ फिरत राहते आणि तिच्यावर वीस व्हेरिएशन चढत जातात, तबला सोलोला पेटीवाला लेहरा धरून बसतो ना, थोडंफार तसंच, फक्त इथे लेहरा आणि तबला दोन्ही एकच माणूस, आणि तो दिसतही नाही धड. खालचे सूर कानाआधी तळपायाला कळतात. जमीन म्हणजे सगळ्या जुन्या थडग्यांच्या फरशा, त्यांच्यातून येतात ते.

मधेच मला खोकला. गोळीचा कागद इतक्या हळू सोडला की दोन मिनिटं कुरकुर चालली, शेजारच्या आजींनी असं बघितलं की बस्स 🙈

शेवटी वादकाने हात उचलले तरी सूर वर छतात फिरतच होता. टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचेना. नेहमीची ट्रेन चुकली अर्थात.