घर नंतर, आधी कलमं

आज कुडाळजवळ जागा बघून आलो. मुद्दाम मे महिन्यात गेलो. पावसाळ्यात कोकणातली कुठलीही विहीर भरलेलीच दिसते, खरं काय ते आत्ता कळतं. हिच्यात तळाला का होईना, पाणी होतं. रस्ता मात्र शेजाऱ्याच्या जागेतून, त्यामुळे सातबारा आणि वाटेचा हक्क वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा नाही.

बायकोचं गणित सरळ आहे. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण ४३,४०० रुपये, आणि पहिल्या हप्त्यातले ३५ हजारांहून जास्त नुसतं व्याज! त्यापेक्षा आत्ता जागा घेऊ, कुंपण घालू, हापूसची कलमं आणि माड लावू. कलमं धरायला पाच-सहा वर्षं तरी जातील. तोवर मुलीची दहावी होईल, थोडे पैसे साठतील, मग चिऱ्याचं घर. बैठंच. म्हातारपणी जिने कोण चढणार? (गुडघे आत्ताच कुरकुरतात.)

आईने फोनवर पहिलं विचारलं, "पडवी केवढी?" म्हटलं, तुझी आरामखुर्ची मावेल एवढी नक्की.

कुडाळ-सावंतवाडीकडे जमिनीची कागदपत्रं नीट बघणारा वकील कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.