आठ आण्यांची गाडीवाट

लातूरच्या बाजूने निघायचं आणि मुरूड, ढोकी, तेर करत येडशीच्या रामलिंगापर्यंत जायचं. डांबरी रस्ता शक्य तितका टाळून पायी आणि सायकलीने हे जमेल का, ते जागेवर जाऊन तपासण्याचं काम आमच्याकडे आलं होतं. काम देणाऱ्या संस्थेच्या डोळ्यांसमोर परदेशातले ग्रीनवे होते, म्हणजे फक्त पायी आणि सायकलीने जायच्या लांब वाटा. अमेरिकेत पिट्सबर्गहून निघालेला माणूस जुन्या रेल्वेच्या भरावावरून दीडशे मैल चालत कंबरलँडला येतो आणि तिथून जुन्या कालव्याच्या काठाने आणखी 184.5 मैल जाऊन वॉशिंग्टनला पोचतो. त्या वाटेवर मोटारींना मज्जाव. कालवा बंद पडला, रेल्वे बंद पडली, आणि दोन्ही मिळून एक वाट झाली. आपल्याकडे तसं काय आहे? जुनी रेल्वे आहे. कालव्याच्या जागी पांदणी, म्हणजे शेताशेतांतून जाणाऱ्या जुन्या वाटा आहेत.

जुनी रेल्वे म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटांच्या रुळांवर ती 1897 मध्ये बार्शीपर्यंत आणली आणि 1911 मध्ये ती लातूरला पोचली. 2007-08 च्या सुमारास मोठी लाईन झाली तेव्हा धाराशिव शहर वाटेत घ्यायचं म्हणून मार्ग बदलला, आणि जुन्या मार्गाचा काही भाग तसाच उघडा पडला. रूळ गेले, स्लीपर गेले. गोठ्याच्या दाराला आडवा लावलेला रुळाचा तुकडा मात्र या भागात आजही दिसतो.

त्या भरावाचं मोल कळायला पावसाळ्यात सायकल घेऊन काळ्या रानात जायला हवं. पोळा होऊन गेला होता, आदल्या रात्री पाऊस पडला होता. भराव सोडून मी शेताच्या वाटेला लागले आणि पन्नास पावलांत चाकं फिरायची बंद झाली. मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल असा ठासून बसला की काडीने उकरला तरी पुढच्या वळणावर पुन्हा तेवढाच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली, आणि तीसुद्धा दीडपट जड झालेली. भरावावर यातलं काहीच नाही. खाली मुरूम, पाणी दोन्ही अंगाला उतरून जातं आणि चढ इतका सावकाश की गिअर नसलेली सायकलही दम न लागता चढते. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, त्याचा फायदा शंभर वर्षांनी सायकलवाल्याला मिळतो.

अडचण भराव संपतो तिथे सुरू होते. भरावाचे तुकडे एकमेकांना आणि गावांना जोडायला गाव नकाशावरच्या वाटा धुंडाळाव्या लागतात. नकाशात दुहेरी तुटक रेघ असली की गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ असली की पायवाट, सव्वा आठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. गुंठा याच साखळीचा, तेहतीस गुणिले तेहतीस, 1089 चौरस फूट. गाडीवाट म्हणजे निदान अर्धी साखळी, पायवाट म्हणजे पाव.

त्या दिवशी दोन गावांच्या शिवेवरची अशीच एक गाडीवाट शोधत होते. नकाशात दुहेरी रेघ ठळक होती. जमिनीवर ऊस उभा होता, पुरुषभर उंच.

कोतवाल सोबत होते. मी रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा मोजायचं यंत्र, उभा करून पहिला पॉइंट घेतला, तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "काय मोजलालाव, ताई?"

सत्तरीतले गृहस्थ, डोक्याला टॉवेल. कोतवाल त्यांना तात्या म्हणाले, म्हणून मीही तात्याच म्हणायला लागले. पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी वाट शोधतोय, असं सांगितल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "कुठली दिंडी हाय?"

प्रश्न रास्त होता. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर करत पंढरपूरला जाते. लांब पल्ल्याचं चालणं म्हणजे काय, हे या मुलखाला आमच्या संस्थेने शिकवायला नको. फक्त चालायला कारण लागतं, आणि "निसर्ग बघायला" हे कारण मी सांगितलं तेव्हा तात्यांच्या चेहऱ्यावर कीव होती.

पॉइंट घेत गेले. स्क्रीनवर नकाशातली वाट आणि आमचे ठिपके एकमेकांवर बसत होते, आणि तात्यांच्या उसाच्या बाहेरच्या दोन सऱ्या वाटेत येत होत्या. आता भांडण होणार, अशी मी तयारी ठेवली होती. या कामात शिव्या पुष्कळ खाल्ल्या आहेत, एकदा तर ट्रायपॉडच उचलून ओढ्यात टाकला होता. तात्यांनी स्क्रीन हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "दोनच? मला वाटलं तीन असतील."

मग ते मला पुढे घेऊन गेले. त्यांच्या रानाच्या पलीकडे पुढच्या शेतकऱ्याने तीच वाट नांगरून सोयाबीन घेतलं होतं. त्याच्या पलीकडच्याने बांध कोरत कोरत वाट मेंढराला जाण्याइतकी ठेवली होती. त्याच्या पुढे विहिरीचा मलबा. प्रत्येकाने मागच्याची वाट बुजवली होती आणि प्रत्येकाची वाट पुढच्याने बुजवली होती. तात्यांचा ऊस तोडायला टोळी येते, पण ट्रॅक्टर रानात शिरत नाही. मोळ्या डोक्यावर रस्त्यापर्यंत वाहायच्या म्हणून मुकादम वरचे पैसे मागतो, आणि ऊस शेवटी तुटतो तोवर वजनाला उतरतो. दोन सऱ्यांचा ऊस किती आणि मुकादमाला गेले किती, हा हिशोब त्यांना तोंडपाठ होता.

"मग तहसीलला अर्ज का नाही केला?" मी विचारलं. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा, त्यातल्या कलम 5 खाली अडवलेली वहिवाट मोकळी करून मिळते. मराठवाड्यातल्या बांधावर हे कलम पाठ नसलेला माणूस मला क्वचितच भेटलाय.

"केला असता की. पन पंचनाम्याला आल्यावर पयल्या सऱ्या माज्याच निघतेत."

कोतवालांनी फोन लावले. तासाभरात पुढचे तिघे बांधावर आले, एक तर फवारणीचा पंप पाठीवर घेऊनच. आधी मागची सगळी उणीदुणी निघाली, त्यात बरीचशी लग्नातल्या मानपानाची, ती इथे सांगत नाही. मी मधे पडले नाही. रोव्हर घेऊन उभी राहिले आणि ज्याने त्याने विचारलं, त्याला त्याच्या रानातला ठिपका दाखवला. यंत्र कोणाच्या बाजूचं नाही, हे पटल्यावर आवाज खाली आले.

मग तात्यांनी अट घातली. मी माझ्या कागदात सव्वा आठ फूट धरले होते, पायी आणि सायकलीला तेवढे भरपूर. तात्या म्हणाले, "सव्वा आठ म्हंजे चार आणे. चार आण्याची वाट कोन सोडंल? ही गाडीवाट हाय. आठ आणे सोडू, पन ट्रॅक्टर गेला पायजे." बाकीच्या तिघांनी यावर मान डोलावली. त्या दिवशी चौघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती.

संध्याकाळी संस्थेच्या समन्वयकांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ट्रॅक्टर जाणार असेल तर तो ग्रीनवे कसा? प्रश्न चुकीचा नाही. ऊसतोड हिवाळ्यात जोरात असते, आणि सायकलवाले पाहुणेही हिवाळ्यातच येणार. तेरला गोरोबाकाकांची समाधी आणि वस्तुसंग्रहालय बघून निघालेल्या माणसाला समोरून उसाचा ट्रॅक्टर येणार, आणि वाट सायकलवाल्यालाच द्यावी लागणार. तरी माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आताही आहे, की फक्त पाहुण्यांसाठी इथे कोणी बोटभर जमीन सोडणार नाही, आणि का सोडावी? भरावाची गोष्ट वेगळी. ती जमीन रेल्वेची, तिथे परवानगी मिळाली तर दोन्ही टोकांना दगड रोवून मोटारी अडवता येतील. पांदणीत ट्रॅक्टरसोबतच राहावं लागेल.

अहवालात तसंच लिहिलं. भरावावर फक्त पायी आणि सायकल. शिवेच्या वाटेवर रुंदी साडेसोळा फूट, शेतीची वाहनं चालतील, मुरूम आधी तिथे टाकावा. समन्वयकांनी "चालतील" खोडून "अपवादात्मक परिस्थितीत चालतील" केलं. मी ते पुन्हा खोडलं.

तात्यांनी या हंगामात ऊस तुटला की दोन्ही सऱ्यांची खोडकी काढायचं कबूल केलंय. सोयाबीनवाल्याने रास झाल्यावर वाट मोकळी केली. मेंढरापुरती वाट ठेवलेला म्हणतो, आधी विहिरीचा मलबा हलू द्या.