कादंबरी अपडेट ५: टेलिग्राम गेला, टोपी आली

मंडळी, लय दिवसांनी लिहितेय. आधी आकडा सांगून मोकळी होते, मागच्या अपडेटला ४६ हजार शब्द होते आणि आज ३९ हजार आहेत. हो, उलट्या दिशेने प्रगती चालू आहे, हसा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. माझी वैदेही कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये काम करते आणि आजच्या मुंबईतून थेट जुलै १८६४ च्या लंडनमध्ये जाऊन पडते (कशी पडते ते विचारू नका, तीन वेळा लिहिलं, तिन्ही भंगार). तिथे तिची गाठ स्कॉटलंड यार्डच्या एका सार्जंटशी पडते आणि केस खरी घेतलीय, इंग्लंडमधला रेल्वेतला पहिला खून. ९ जुलैच्या शनिवारी रात्री थॉमस ब्रिग्ज नावाचा ६९ वर्षांचा बँकवाला फेनचर्च स्ट्रीटहून फर्स्ट क्लासने घरी निघाला आणि बो आणि हॅकनी विक स्टेशनांच्या मधे रुळांवर अर्धमेला सापडला. घड्याळ आणि साखळी गायब, हॅटही गायब, आणि डब्यात भलत्याच माणसाची हॅट! खुन्याने गडबडीत स्वतःची टोपी ठेवून ब्रिग्जची उचलली होती.

आता सात हजार शब्द कुठे गेले ते ऐका. माझ्या नवव्या प्रकरणात पोलीस संशयिताच्या मागावर न्यूयॉर्कला तार करतात आणि बंदरातच तो पकडला जातो, असा मस्त वेगवान सीन होता. परवा रात्री अचानक डोक्यात आलं की थांब, तार गेली कुठून? अटलांटिकखालची पहिली केबल १८५८ ची, ती तीनेक आठवडे चालून बंद पडली आणि टिकाऊ केबल पडली थेट १८६६ मध्ये. म्हणजे १८६४ मध्ये तारच नाही! आणि खरी गोष्ट माझ्या सीनपेक्षा दसपट भारी आहे राव. फ्रांझ म्युलर हा जर्मन शिंपी शिडाच्या जहाजाने निघाला होता, इन्स्पेक्टर टॅनर त्याच्या मागे लिव्हरपूलहून वाफेच्या जहाजाने निघाला आणि जवळजवळ तीन आठवडे आधी न्यूयॉर्कला पोचून धक्क्यावर वाट बघत बसला. सोबत साक्षीदार म्हणून एक घोडागाडीवाला आणि एक सोनार. त्या सोनाराचं आडनाव डेथ. शप्पथ. मी स्वतः असं नाव ठेवलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की बाई जरा अती होतंय.

दुसरा बळी कोर्टाचा सीन. म्युलर पिंजऱ्यात उभा राहून पाच पानं बोलतो असं लिहिलं होतं, मला फार आवडला होता तो भाग. पण तेव्हा आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्षच देता यायची नाही, तो कायदा १८९८ मध्ये बदलला. खटला तीन दिवस चालला आणि ज्याच्या मानेचा प्रश्न तो आपली बाजू साक्षीत मांडूच शकला नाही. खटल्याचा वृत्तांत ओल्ड बेलीच्या (लंडनचं फौजदारी कोर्ट) ऑनलाइन संग्रहात फुकट वाचायला मिळतो, वेळ काढून वाचा, मी ऑफिसात लपूनछपून वाचला.

पण या सगळ्यातून पुस्तकाची खरी गाठ सुटली असं वाटतंय. आधी माझी वैदेही सुपरवुमन होती, डब्यात शिरली की ठसे बघ, रक्त बघ, केस खल्लास. आता बघा, बंगालात जंगीपूरला हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा १८५८ मध्येच घेतला होता, पण ठशांचं वर्गीकरण कलकत्त्याला अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं ते १८९० च्या दशकात आणि स्कॉटलंड यार्डात ते आलं १९०१ ला. रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीने सांगणारी चाचणीही त्याच सुमाराची. म्हणजे तिला सगळं दिसतंय पण सिद्ध काहीच करता येत नाही. ती सार्जंटला खिडकीवरचा ठसा दाखवते, तो कंदील जवळ नेऊन नीट बघतो आणि विचारतो, "बरं, आणि हे ज्यूरीला काय म्हणून सांगू?" हा एक संवाद लिहून झाल्यावर पुढची चार प्रकरणं आपोआप सुटली.

मग तिच्या हाती उरलं काय, तर टोपी. म्युलरच्या सामानात ब्रिग्जची हॅट सापडली तेव्हा ती दीडेक इंच कापून बुटकी केलेली होती आणि परत सुबक शिवलेली. टोपीवाला असतो तर डिंक-लाखेने चिकटवली असती, ही सुई-दोऱ्याची सवय शिंप्याची. हे मला नुसतं वाचून लिहायचं नव्हतं म्हणून रविवारी जुन्या बाजारातून एक कडक हॅट आणली (नाटकातली असावी, आत खडूने "दामू" लिहिलंय), ब्लेडने दीड इंच पट्टी काढली आणि शिवायला बसले. दोन सुया मोडल्या, अंगठ्याला भोक, पावणेदोन तास, आणि कड अशी वाकडी की बघवत नाही. शेवटी आईने ओढून घेतली, आतून बारीक टाके घालत वीस मिनिटांत गोल केली आणि म्हणाली, "चांगली टोपी कापून काय मिळवलंस गं?"

मिळवलं ते हे, की सराईत माणसालाही निवांत बसावं लागतं, उजेड लागतो, म्हणजे खुनानंतरच्या त्या दिवसांत तो कुठेतरी मान खाली घालून शांतपणे टाके घालत बसला असणार. तो सीन आता लिहिलाय, नऊशे शब्द, एकही संवाद नाही.

आणि रहस्य अजून शिल्लक आहे, कारण ब्रिग्जच्या ओळखीच्या थॉमस ली नावाच्या माणसाने कोर्टात सांगितलं होतं की बो स्टेशनवर त्याने डब्यात ब्रिग्जसोबत दोन माणसं पाहिली. ज्यूरीने ते मानलं नाही, १४ नोव्हेंबरला न्यूगेट तुरुंगाबाहेर प्रचंड गर्दीसमोर म्युलरला फाशी झाली. माझी कादंबरी त्या दुसऱ्या माणसाची आहे. सध्या वैदेही रात्री दहाच्या सुमारास बोच्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे, गाडी आत येतेय, ली खिडकीपाशी जाऊन ब्रिग्जशी बोलतोय आणि ती त्याच्या मागे चार पावलांवर. तिला आत बघू द्यायचं की मधे वाफ सोडायची हे ठरत नाहीये, गुरुवारपासून त्याच ओळीवर अडकलेय.