एल-३९ च्या फॉर्मेशनमध्ये थ्रॉटल मागे का ओढत नाहीत

एल-३९ अल्बाट्रॉस हे चेकोस्लोव्हाकियातल्या एरो वोदोखोदी कारखान्याचं दोन आसनी जेट प्रशिक्षण विमान. पहिलं उड्डाण ४ नोव्हेंबर १९६८ चं. पुढे जवळपास २,९०० विमानं बनली आणि सोव्हिएत गोट विस्कटल्यावर त्यातली बरीच खासगी मालकांकडे गेली. फ्रान्समधल्या दिजाँची ब्रेइटलिंग जेट टीम हे हवाई कसरतींचं खासगी पथक २०१९ अखेर बंद होईपर्यंत अशी सात विमानं फॉर्मेशनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या अगदी जवळ राहून, उडवायचं. कॅलिफोर्नियातली पेट्रियट्स आणि लॅटव्हियातली बाल्टिक बीज या अशाच पथकांचंही विमान हेच. आपल्या ओळखीचं सूर्यकिरण हे हवाई दलाचं पथक. या खासगी पथकांत मात्र सुट्या भागांपासून परवान्यांपर्यंत सगळं मालकाच्या गळ्यात.

विमान गुणी आहे. हवा आत घेणारी तोंडं पंखांच्या वर असल्याने धावपट्टीवरचे खडे इंजिनात सहसा जात नाहीत. कंट्रोल्स सळयांनी जोडलेले, हायड्रॉलिकची मदत नाही, त्यामुळे हाताला खरा दाब कळतो. अडचण एकच, पण मोठी: एआय-२५टीएल इंजिन सुस्त आहे. थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा. तो पार मागे असतानाच्या किमान ताकदीपासून (आयडल) पूर्ण ताकदीला यायला ९ ते १२ सेकंद लागतात. शिवाय पूर्ण रेटा (इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर) १,७२० किलो, म्हणजे ४,७०० किलोच्या कमाल वजनाच्या जेमतेम ३७ टक्के.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. लीडर, म्हणजे फॉर्मेशनचा म्होरक्या, ताशी ५४० किमी वेगाने ३ जीचं (वजनाच्या तिप्पट भार आणणारं) वळण घेतोय. त्रिज्या साधारण ८१० मीटर, बँक, म्हणजे विमानाचा कल, ७० अंश. पंखांच्या रेषेत २० मीटर बाहेर असलेला विंगमन (लीडरच्या बाजूचा वैमानिक) आडव्या अंतरात सुमारे पावणेसात मीटरच लांब पडतो. तरी त्याचं वर्तुळ तेवढं मोठं, म्हणून त्याला ताशी साडेचार किमी जास्त वेग हवा. ऐकायला किरकोळ, पण दोन सेकंद तो वेग मिळाला नाही तर विमान अडीच मीटर मागे पडतं, आणि दोन विमानांमधलं अंतरच काही मीटरांचं असतं. त्या क्षणी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आयडलजवळ असेल, तर इंजिन जागं होईपर्यंत वळण संपलेलं असतं.

म्हणून विंगमन आरपीएम चढते ठेवतो आणि वेग कमी करायला पोटाखालचे एअरब्रेक, म्हणजे हवेला अडवणाऱ्या झडपा, वापरतो. एअरब्रेक मिटले की रेटा लगेच हाताशी असतो. जागा पकडताना घाईने पुढे आलेला नवखा थ्रॉटल पार मागे ओढतो, मग मागे राहतो, मग पूर्ण पुढे ढकलतो, आणि उशिरा आलेली ताकद त्याला लीडरच्याही पुढे नेते. थ्रॉटलची हालचाल लहान आणि आधी, एवढंच याला औषध.

लीडरवरही बंधन आहे: त्याने कधीच पूर्ण थ्रॉटल वापरायचा नाही. त्याने सगळं वापरलं तर बाहेरच्याला द्यायला काही उरत नाही. लूपमध्ये, म्हणजे उभ्या वर्तुळात, तर वर चढताना लीडरचा वेग आधी पडतो, मागचे अजून वेगात असतात आणि रांग आवळत जाते. खाली येताना तीच ताणली जाते. त्यामुळे लूपचा वेग चढायच्या आधी साठवावा लागतो. बरेच वैमानिक ट्रिम (हात न लावता विमानाचं नाक कुठे राहील ते ठरवणारी जुळणी) किंचित नाक खाली ठेवतात, म्हणजे स्टिकवर सतत हलकी मागे ओढ राहते आणि तिच्या मधली ढिली जागा जाणवत नाही.

उलटं उडणं २० सेकंदांपर्यंतच. त्यानंतर इंजिनाला इंधन मिळण्याची खात्री नसते, म्हणून उलट्या फेऱ्या लहान आखतात.

धुराचंही थ्रॉटलशी नातं आहे. पंपाने तेल शेपटीशी गरम झोतात सोडतात. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत बारीक थेंब बनून पांढरा धूर दिसतो. ताकद कमी असेल तर झोत पुरेसा तापलेला नसतो, धूर पातळ पडतो आणि न उडालेलं तेल मागच्याच्या काचेवर येतं. लीडर 'स्मोक ऑन' म्हणतो तेव्हा त्याला हेही पाहावं लागतं.

उतरताना सवय तीच. चाकं ताशी ३३० किमीच्या आत बाहेर काढायची. फ्लॅप (कमी वेगात आधार देणाऱ्या पंखांमागच्या झडपा) ३१० ला आपोआप मिटतात, त्यामुळे तेही त्याखालीच. धावपट्टी नक्की गाठणार याची खात्री होईपर्यंत आरपीएम खाली जाऊ द्यायचे नाहीत. पुन्हा वर जायची वेळ आलीच तर हे इंजिन घाई करत नाही. जमिनीवर पुढचं चाक मोकळं फिरतं, वळायला एका बाजूचा ब्रेक लागतो. रांगेत टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, सतत ब्रेक दाबत राहिलात तर ते तापतात, म्हणून मधे भरपूर अंतर ठेवा.