कायद्याच्या प्राध्यापकाने वर्तमानपत्रात लिहायचं म्हणजे

जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा एक निकाल देशभर गाजला. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचेचा थेट स्पर्श झाला नाही, म्हणून तो पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा त्याचा आशय होता. मी विदर्भातल्या एका विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवते. तोवर माझं सगळं लेखन शोधनिबंधांचं आणि तेही इंग्रजीत. त्या आठवड्यात एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागातून फोन आला: "मॅडम, सातशे शब्दांत समजावून सांगाल का? परवा सकाळपर्यंत हवंय."

मी हो म्हटलं, त्यामागे १९७९ सालचं एक पत्र होतं. मथुरा प्रकरण आमच्या भागातलं. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार, असा तो तर्क. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी निकालाचीच वाक्यं समोर ठेवून दाखवून दिलं. देशभरातल्या स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं: कोठडीतल्या बलात्कारासारख्या खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालय धरून चालेल. ते पत्र मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. दरवर्षी वाचायचं आणि आपल्याकडे लेख मागितला की वेळ नाही म्हणायचं, हे मला जमलं नसतं.

आधी निकालपत्र मिळवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. व्हॉट्सअॅपवर "आरोपी निर्दोष सुटला" असं फिरत होतं. तसं झालं नव्हतं. पोक्सोच्या कलम ८ मधून त्याची सुटका झाली होती, पण भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खालची, म्हणजे विनयभंगाची, शिक्षा कायम होती. फरक शिक्षेच्या मुदतीत होता: कलम ८ खाली किमान तीन वर्षं, ३५४ खाली किमान एक. लेखाचा पहिला परिच्छेद मी यालाच दिला. लोकांचा राग रास्त होता, पण तो नेमक्या जागी लागायला हवा होता.

मग मूळ मुद्दा. लैंगिक हल्ला म्हणजे काय हे सांगणाऱ्या पोक्सोच्या कलम ७ चे दोन भाग आहेत. लैंगिक हेतूने मुलाच्या ठरावीक अवयवांना हात लावणं हा पहिला, आणि लैंगिक हेतूने केलेली शारीरिक संपर्काची इतर कोणतीही कृती हा दुसरा. "शारीरिक संपर्क" हे शब्द दुसऱ्या भागातले आहेत. या घटनेतली कृती सरळ पहिल्याच भागात बसत होती आणि तिथे कपड्यांची अट कुठेच नाही. हे दोन वाक्यांत मांडायला मला अख्खी संध्याकाळ लागली. शोधनिबंधात मी यावर सहा पानं आणि चाळीस तळटीपा खर्च केल्या असत्या.

सर्वात जास्त विचार करावा लागला तो न्यायालयाच्या अवमानाचा. १९७१ च्या कायद्याचं कलम ५ वाजवी टीकेला संरक्षण देतं, पण अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणांत. इथे सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारीला स्थगिती दिली होती, म्हणजे प्रकरण चालू होतं. माझ्या गुरुजींना फोन केला. सर म्हणाले, "कलमाच्या शब्दांवर बोल. न्यायमूर्तींवर बोलू नकोस, आणि वर काय होईल याचं भाकीत करू नकोस." मी अक्षरशः तसंच केलं. मुलीची ओळख पटेल असं काही छापायला पोक्सोचं कलम २३ मनाई करतं. त्यात शाळा आणि परिसरही येतो, म्हणून गावापलीकडचा एकही तपशील ठेवला नाही. संपादकांना मथळ्यात न्यायमूर्तींचं नाव हवं होतं. मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं.

पदोन्नतीच्या तक्त्यात शोधनिबंधाला गुण मिळतात, वर्तमानपत्रातल्या लेखाला नाहीत. त्यामुळे सहकारी कौतुकाने म्हणाले, "छान, पण पुढचा पेपर कधी?" माझ्या मते ही मोजणी चुकीची आहे. जे निकाल लोकांच्या मुलींबद्दल आहेत, ते लोकांच्या भाषेत समजावणं हे आमच्या पगारातलंच काम आहे.

लेख छापून आला त्या दिवशी एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांना निकालाबद्दल फारसं विचारायचंच नव्हतं. "ताई, एखाद्या मुलीने मला येऊन असं काही सांगितलं, तर मी आधी आईवडिलांना सांगू की पोलिसांना? आणि आईवडील नको म्हणाले तर?" पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, हे मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." माझ्या एकाही शोधनिबंधावर मला असा फोन आलेला नाही. दुसरा लेख मी फक्त कलम १९ वर लिहिला.

१८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तोवर युक्तिवादात महान्यायवादी वेणुगोपाल यांनी विचारलं होतं की हातमोजे घालून कुणी असं केलं तर तो सुटणार का. न्यायालयाने सांगितलं की निर्णायक गोष्ट लैंगिक हेतू आहे, त्वचेचा स्पर्श नाही, आणि मूळ खटला चालवणाऱ्या विशेष न्यायालयाची तीन वर्षांची शिक्षा पुन्हा लागू झाली. आता अवमानाचा प्रश्न उरला नव्हता, म्हणून तिसरा लेख मोकळेपणाने लिहिता आला.

मुख्याध्यापिकाबाईंचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पोलिसांत जावंच लागेल हे कळल्यावर मुली बोलायच्याच थांबतात का, हे मला शाळाशाळांत जाऊन विचारायचं आहे. पुढचा शोधनिबंध त्यावर आहे, आणि तो मी मराठीत लिहिते आहे.