अकरा जणींत अकरावी

“मम्मी, कितवी आलीस?”

“अकरावी.”

“किती जणींत?”

“अकरा.”

चिरंजीव आठ वर्षांचे. त्यांनी मान डोलावली आणि परत कार्टूनकडे वळले. त्या दिवशीची एवढीच प्रतिक्रिया मला मानवली. बाकी सगळे समजूत घालत होते.

ही डिसेंबरमधल्या सायकल शर्यतीची गोष्ट. त्याआधी नोव्हेंबरात वीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलला, म्हणजे एकटीने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला, 38 मिनिटं 40 सेकंद लागली होती. वर्षभरापूर्वी त्याच रस्त्यावर, त्याच सायकलवर 36:10. आणि जानेवारीत तर घाटात पाय खाली टेकले, सायकल मागच्या टेम्पोत चढवली, निकालात नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘डिड नॉट फिनिश’, शर्यत अर्धवट. खरं सांगायचं तर त्या दिवशी आणखी दोनेक किलोमीटर रेटता आलं असतं. टेम्पो दिसला आणि मी मोह आवरला नाही. तेवढं पाप माझ्या पदरात.

पण बाकीचं? ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. “सगळं डोक्यात असतं.” “मन घट्ट कर.” कुणीतरी सूर्योदयाच्या फोटोवर सुविचार छापून पाठवला. मीही तेच मानलं आणि पेटून उठले. पहाटे साडेचारला पंचवटीतून निघायचं, सातपूर, महिरावणी, अंजनेरी करत त्र्यंबकला टेकून नऊच्या आत घरी, साडेदहाला बँकेत कॅश काउंटरवर. आठवड्यात पाच दिवस. वर एक एफडी मोडून कार्बनची चाकं घेतली. लोकांना ‘मुदतीआधी मोडू नका’ सांगणं हे माझं रोजचं काम, हे इथे नमूद करते.

चाकं हलकी झाली, मी जडच. बँकेत एक जिना चढून वर गेलं की खुर्ची धरून उभी राहायचे. मशीनवर नोटा मोजतानाही आकडा विसरायचे.

आमचं नाशिक सायकलवेडं आहे हे वेगळं सांगायला नको. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत, म्हणजे रॅम, जोडीने पूर्ण केली. त्यानंतर इथल्या डॉक्टर मंडळींनी सायकली काढल्या की आधीच होत्या, कोण जाणे, पण आमच्या प्रत्येक ग्रुपात निदान एक डॉक्टर असतोच. आमच्यातले तसे कमी बोलतात. एका रविवारी राइडनंतर मिसळ खाताना मी ताकाच्या ग्लासातला बर्फ काढून कडाकडा चावत होते. बाहेर जानेवारीची थंडी, सगळ्यांच्या अंगात जॅकेट.

“बर्फ कधीपासून खाताय?” त्यांनी विचारलं.

कधीपासून? दिवाळीपासून असेल. फ्रीजरमधला ट्रे मी रात्री एकटीच संपवायचे. नवरा ‘शेजारच्यांचाही आणू का?’ म्हणून चिडवायचा. ती सवय आहे असंच मला वाटायचं.

डॉक्टरांनी कागदाच्या नॅपकिनवर दोन तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन आलं 12.2, म्हणजे बारा या रेषेच्या काठावर का होईना, नॉर्मल. आधी कुणी तपासलं असतं तर इथेच थांबलं असतं. फेरिटिन मात्र 8. शरीराने साठवलेलं लोह म्हणजे फेरिटिन. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या खात्यात चालू शिल्लक दिसतेय, ठेवी संपल्यात.” बँकवाल्या बाईला समजेल असं बोलले बिचारे. घोटभर ताकाबरोबर बर्फ चघळायची ती ओढसुद्धा लोह कमी झाल्याचीच एक खूण निघाली. मी शाकाहारी, दर महिन्याची पाळी, त्यात दिवसातून पाच वेळा चहा. गणित उघड होतं, फक्त मांडलं कुणी नव्हतं.

मला तेव्हा काय वाटलं असेल? आनंद! आजार सापडल्याचा नव्हे, आपण भेकड नाही याचा.

दिवसाआड एक गोळी, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि मागेपुढे चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. गोळीचं काही नाही, पण राइडवरून आल्यावर चहा नाही? पहिले पंधरा दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. सासूबाईंनी अळिवाचे लाडू सुरू केले. “बाळंतिणीला देतात ते,” मी कुरकुरले. “मग काय झालं? तूही अर्धी झालीच आहेस,” त्या म्हणाल्या.

सर्वांत अवघड होतं सावकाश चालवणं. तीन महिने जोर लावायचा नाही, हा हुकूम. त्र्यंबक रोडवर एकदा हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या बरण्या लटकवलेले एक काका शांतपणे मला मागे टाकून गेले. मी लायक्रात, डोक्यावर हेल्मेट, खाली एफडीची चाकं. काकांनी वळूनही पाहिलं नाही.

मेअखेरीस फेरिटिन 31. बर्फाचा ट्रे आता भरलेलाच असतो, माझ्या लक्षातही येत नाही.

गेल्या रविवारी दिंडोरी, वणी करत नांदुरीला गेले. तिथून सप्तशृंगी गडापर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट. गेल्या वर्षीची माझी वेळ 49 मिनिटं, जानेवारीतली 58. पहिला पाऊस होऊन गेला होता, वरच्या वळणांवर ढग उतरलेले, एसटीचा हॉर्न आधी ऐकू यायचा आणि बस नंतर दिसायची. घड्याळ मुद्दाम खिशात ठेवलं होतं. वर पोचून काढलं तर 50:20. गेल्या वर्षीपेक्षा मिनिटाने मागेच. पण शेवटच्या चढाला पाय भरून आले, ते दुखणं ओळखीचं होतं. जानेवारीत पाय दुखतही नव्हते, नुसते रिकामे होते.

गोळी पहाटे पाचला घेतली होती, तेव्हा साडेनऊ. टपरीवाल्याला म्हटलं, “एक स्पेशल, आलं घालून.” दोन झाले.

जुलैत पावसातली एक छोटी शर्यत आहे. नाव दिलंय. किती जणी आहेत ते चिरंजीवांनी आत्ताच विचारून ठेवलंय.