तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला तत्त्वज्ञानात नोकरी लागायची शक्यता किती?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच. कधी कॉलेजच्या गेटवर, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये शेजारच्या सीटवरून. "मॅडम, पोरगी म्हणते बीएला तत्त्वज्ञान घेते आणि पुढं प्रोफेसर होते. तुमची पीएचडी शक्यतेवरच आहे म्हणे, मग सांगून टाका ना, चान्स किती टक्के?" घरातलं वडीलधारं माणूस असेल तर सरळ अहिराणीत, "बाई, पोरीले नोकरी भेटी का?"

मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण माझा अख्खा विषय त्यात येतो. फक्त उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते.

आधी मी करते काय ते सांगते. नाणं, फासा, पत्ते ही उदाहरणं बारावीच्या गणितात असतात, ती गणिताचे सर शिकवतात. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा. मोबाईलवर "पावसाची शक्यता ६०%" असं दिसतं तेव्हा ते ६० नक्की कशाबद्दल असतं, ढगांबद्दल, मागच्या नोंदींबद्दल, का सांगणाऱ्याच्या खात्रीबद्दल? आणि असा आकडा हातात आल्यावर शहाण्या माणसानं वागायचं कसं? यावर शंभर वर्षांहून जास्त वाद चालू आहे. केन्सनं, म्हणजे अर्थशास्त्रातल्या त्याच केन्सनं, १९२१ मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि केंब्रिजमधल्याच फ्रँक रॅम्से नावाच्या तरुणानं पाचेक वर्षांत त्याचा पाया हलवला. हा रॅम्से १९३० मध्ये गेला तेव्हा फक्त २६ वर्षांचा होता. त्याच्याबद्दल पुढं परत बोलायचंय.

आणि "हे असलं आपल्याकडं कुठं" असं कुणी म्हणालं ना, की मी त्यांना अमळनेरला पाठवते. तिथं १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञानाची संस्था उभी केली, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ बंगालहून येऊन तिथं संचालक म्हणून राहिला, साने गुरुजी सुद्धा तिथं तत्त्वज्ञान शिकायलाच आले होते. बोरी नदीच्या काठावरच्या गावात हे होऊन गेलंय, त्यामुळं खान्देशातल्या पोरीनं हा विषय घेणं यात मला काहीच विचित्र वाटत नाही.

आता टक्क्यांकडे येते. तुम्ही विचारता किती टक्के, आणि मी उलट विचारते की कुणापैकी?

नेटचं बघा, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी यूजीसीची परीक्षा. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्के मुलं असिस्टंट प्रोफेसरसाठी पात्र ठरतात, हा यूजीसीचा नियमच आहे. मग तुमच्या पोरीचा चान्स ६ टक्के का? तर नाही. त्या शंभरात सहज फॉर्म भरून आलेले असतात, नोकरी सांभाळून रात्री वाचणारे असतात, जेआरएफच्या, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधनाच्या फेलोशिपच्या, महिना ३७,००० रुपयांवर घर चालवायचंय म्हणून जिवावर उदार होऊन अभ्यास करणारे पण असतात. तुमची पोरगी एकाच वेळी कितीतरी गटांत बसते: मराठी माध्यमातून आलेली, घरातली पहिली ग्रॅज्युएट, मूळ इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन का होईना पण शेवटपर्यंत वाचणारी, पुण्यात राहायची सोय नसलेली. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येणार. बरं, सगळ्या अटी एकत्र लावत गेलात तर शेवटी गटात ती एकटीच उरते, आणि एकटीची टक्केवारी काढायची कशी? जॉन व्हेननं, वर्तुळांच्या आकृत्यांवाल्या त्याच व्हेननं, १८६६ मध्येच ही अडचण दाखवून दिली होती. याला संदर्भवर्गाचा प्रश्न म्हणतात. माझा प्रबंध यावरच आहे आणि इतकी वर्षं होऊनही या प्रश्नातून माझं मन निघालेलं नाही. कुठला गट धरायचा हे आकडा स्वतः सांगत नाही, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून विमा असो, कर्ज असो, नाहीतर पोरीचं करिअर, आकडा ऐकला की आधी गट विचारायचा.

यावर बरेच वडील म्हणतात, त्यापेक्षा तलाठी भरतीची तयारी करू दे, ते सेफ आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे ४६०० जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर. नुसता भागाकार केला तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. इथंही तोच न्याय लावायला हवा, की दहा लाखांत मन लावून अभ्यास करणारे किती, हे वेगळं बघायचं. पण तत्त्वज्ञानाला एक हिशोब आणि तलाठ्याला दुसरा असं करू नका. ओळखीची वाट असली की ती आपल्याला सुरक्षित वाटते, तिथला आकडा आपण विचारतच नाही. भावकीतला एखादा नेट होऊन घरी बसलेला आपल्या डोळ्यासमोर असतो, आणि भरतीत नाव न आलेली लाखो पोरं मात्र कुणाच्या डोळ्यासमोर नसतात.

समजा आकडा मिळाला. दहात दोन म्हणू. तरी निर्णय झाला का? नाही झाला, आणि घरोघरी हाच भाग सुटतो.

धूळपेरणीचं उदाहरण घेते, कारण खान्देशात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मृगाच्या आधी कोरड्या रानात कापसाची सरकी टोबून टाकायची, पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरा दिवस पुढं, नाही आला किंवा थोडा येऊन दडी मारली तर बी गेलं आणि दुबार पेरणी. आता बांधाला बांध लागून दोन शेतकरी धरा, दोघं कोरडवाहू, आभाळ तेच, मोबाईलवरचा आकडा तोच. एकाच्या घरात भावाचा पगार येतो, तो दुसऱ्यांदा पाकिटं आणू शकतो. दुसऱ्यानं पहिलीच पाकिटं कृषी केंद्रातून उधार आणलीत, बी गेलं तर त्याला सावकाराशिवाय दार नाही. पहिल्यानं धूळपेरणी केली तर शहाणपण आणि दुसऱ्यानं थांबून पाऊस बघितला तर तेही शहाणपण. चान्स सारखाच आहे पण योग्य निर्णय दोन आहेत. आणि समजा पाऊस वेळेवर आला, तरी थांबलेला शेतकरी चुकला असं म्हणू नका, त्याला त्या दिवशी जे माहीत होतं आणि जे झेपत होतं त्यावर त्याचा निर्णय बरोबरच होता.

डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञानं १७३८ मध्ये हेच मांडलंय. एका अत्यंत गरीब माणसाच्या हाती लॉटरीचं तिकीट लागलं, २०,००० मिळतील किंवा काहीच नाही, दोन्हीची शक्यता सारखी. सरासरी काढली तर किंमत १०,००० होते. त्यानं ते ९,००० ला विकलं तर तो मूर्ख का? बर्नुली म्हणतो अजिबात नाही, आणि श्रीमंतानं ते ९,००० ला घ्यायला नकार दिला तर तो मात्र चुकला. तेवढाच पैसा, पण दोन घरांत त्याचं वजन वेगळं. मी हे वर्गात शिकवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात, कारण ते त्यांनी घरी बघितलेलं असतं.

म्हणून मी आईवडिलांना विचारते, नाही झालं तर काय? एमए झाल्यावर तीन-चार वर्षं पक्की नोकरी नसेल तर घर चालेल का? लग्नाची घाई होईल का? धाकट्याची फी अडकेल का? हे प्रश्न टक्केवारीच्या बाहेरचे नाहीत, निर्णयाचा अर्धा भाग तेच आहेत. आणि दुसरा अर्धा भाग पोरीचा. तिला हा विषय किती हवाय, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, मी पण नाही.

नोकरीचं खरं चित्र पण सांगते, ते लपवून काय उपयोग. आपल्या भागात तत्त्वज्ञानाचे विभाग थोडे, बऱ्याच ठिकाणी एकच माणूस. वर्कलोड, म्हणजे पुरेसे तास, नाही तर पद नाही. भरती निघाली तर निघाली. तोपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवायचं, म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि बिलं उशिरा निघतात. मी स्वतः त्यातून गेलेय, सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी, एसटीत बसून प्रबंधाची टिपणं काढायची. ते दिवस कठीणच होते. पण त्याच काळात मला रोज शिकवायला मिळत होतं, आणि एखादी पोरगी उठून "मॅडम, पण हे ६० आलं कुठून?" असं विचारायची तेव्हा दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

माझा एक आग्रह आहे. तत्त्वज्ञान घ्या, पण सोबत मायनरला संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या. शक्यता आणि निर्णय या विषयात पुढं जायचं तर गणिताला घाबरून चालत नाही, आणि प्राध्यापकी नाही मिळाली तर विमा, बँका, संशोधन संस्था इथं ते उपयोगी पडतं. यूपीएससीला तत्त्वज्ञान ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो हेही लक्षात असू द्या.

आता रॅम्से. १९२६ च्या निबंधात त्यानं एक साधं चित्र काढलंय. तुम्ही चौफुलीवर आहात, रस्ता नक्की माहीत नाही पण एक वाट बरोबर वाटतेय, तिकडं चालू लागलात. लांब शेतात एक माणूस दिसतो. वाट सोडून त्याला विचारायला जाल का? ते दोन गोष्टींवर ठरतं, वाट चुकली तर नुकसान किती आणि तुमची स्वतःची खात्री किती. किती लांब चालत जायला तयार आहात, त्यावरून तुमची खात्री मोजता येते. मला हे फार सुंदर वाटतं, कारण यात खात्री ही बोलायची गोष्ट राहत नाही, पायानं मोजायची होते. तर पोरीला आधी थोडं चालून विचारू द्या. आमच्या वर्गात आठवडाभर येऊन बसू द्या, कुणी हाकलणार नाही. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर फुकट कोर्स आहेत, त्यातला एक पूर्ण करू द्या. मूळ इंग्रजीतलं एक प्रकरण वाचून ती मला मराठीत समजावून सांगू दे. एवढ्या कमी खर्चात इतकं कळत असताना लाखाच्या क्लासची फी भरायची घाई कशाला?

जे आधीच मधे आहेत त्यांचं राहिलं. एमए होऊन तीन-चारदा नेट दिलेल्या मुली येतात आणि म्हणतात, मॅडम, एवढी वर्षं घातली, आता सोडू कशी? शक्यतेच्या गणिताची सुरुवातच अशा प्रश्नातून झाली. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत पत्रं झाली, खेळ मधेच थांबला तर पैसे वाटायचे कसे यावर. दोघांनी ३२-३२ मोहरा लावल्या, तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळ्या. एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ बंद पडला. पास्काल म्हणतो पुढचा डाव पहिल्यानं जिंकला तर ६४ त्याचे, हरला तर दोन-दोन बरोबरी म्हणजे ३२. म्हणजे ३२ तर त्याचे काहीही झालं तरी पक्के, उरलेल्या ३२ चे अर्धे, एकूण ४८, आणि दुसऱ्याला १६. सगळा हिशोब उरलेल्या डावांचा, मागं किती वेळ खेळत बसलो याला त्यात जागाच नाही.

मागचे प्रयत्न मात्र एका कामाला येतात, पुढचा अंदाज बांधायला. मार्क दर वेळी वर सरकत असतील तर ते एक सांगतात, आहे तिथंच असतील तर दुसरं. तेव्हा अशा पोरींनी येताना मागच्या सगळ्या वेळचे स्कोअरकार्ड घेऊन यावं, आणि घरातून अजून किती काळ निघेल हे आईवडिलांशी नीट बोलून यावं. मी शनिवारी दुपारी डिपार्टमेंटला असते, दोघी मिळून कागदावर मांडू.